माझ्या नावावरचं हत्यार

पोलीस खात्यातल्या नोकरीच्या 24 वर्षांत मी किती वेळा कोतासमोर, म्हणजे आमच्या शस्त्रागारासमोर, उभी राहून हत्यार घेतलं असेल, याचा हिशेब नाही. कोत हवालदार रजिस्टर पुढे सरकवतो, आपण पिस्तुलाचा नंबर ताडून बघायचा, राउंड मोजायचे, सही करायची. ड्युटी संपली की हेच सगळं उलट्या क्रमाने. या हत्याराला परवाना लागत नाही. लोकसेवक म्हणून कर्तव्य बजावताना बाळगलेल्या हत्याराला शस्त्र अधिनियम, 1959 लागूच होत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 45 सांगतं. ‘कर्तव्य बजावताना’ हे दोन शब्द मी आरोपपत्रांत आणि कोर्टातल्या साक्षींत शेकडो वेळा वापरले असतील. ते स्वतःला लावून बघायची वेळ आली 2022 मध्ये.

जमीन बळकावण्याच्या एका गुन्ह्यात मी तपास अधिकारी होते. खालच्या कोर्टात आरोपींना शिक्षा लागली, अपिलात जामीन मिळाला, आणि त्यानंतर आमच्या मळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकली घुटमळायला लागल्या. आमचं घर गावाबाहेर आहे. मिस्टर शाळेत शिक्षक, घरी सासूबाई. एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरच्या माणसाने आवाज अजिबात न चढवता विचारलं, “मॅडम, रिटायर कधी होताय?” आणि फोन ठेवला.

शिवी नाही, धमकी नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. सेवानिवृत्तीच्या दिवशी पिस्तूल कोतात जमा होणार, सही होणार, आणि मी त्याच मळ्यातल्या घरी रिकाम्या हाताने राहायला येणार. हे त्या माणसाला कळलं होतं, मला तोवर सुचलं नव्हतं.

लोकांना वाटतं, पोलिसाला काय, हवं तेव्हा बंदूक विकत घेता येते. खात्यातल्याही बऱ्याच जणांचा हाच समज आहे आणि खरं सांगायचं तर माझाही थोडाफार तोच होता. शस्त्र नियम, 2016 मधल्या नियम 12 मध्ये संरक्षण दल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दल आणि राज्य पोलीस दलात असलेल्या किंवा सेवा करून गेलेल्या व्यक्तींचा वेगळा उल्लेख आहे, एवढं मला माहीत होतं. तेवढ्याच भरवशावर मी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत गेले. आमचं घर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत नाही, त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. तिथले नायब तहसीलदार माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी नियमाचं पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, पोलीस दलाचा उल्लेख आहे, बरोबर. पण वाक्य तिथं संपत नाही. पुढे म्हटलंय, जीविताच्या किंवा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज असली पाहिजे. तुमची गरज कागदावर कुठं आहे?”

कागदावर कुठेच नव्हती. त्या फोनची मी कुठे नोंद केली नव्हती, मोटारसायकलींचे नंबर घरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. ठाण्यात आलेल्या प्रत्येक बाईला मी पहिलं वाक्य हेच सांगत आले, ताई, आधी तक्रार लिहून द्या, बाकीचं नंतर बोलू. नवऱ्याच्या, दिराच्या, शेजाऱ्याच्या धाकाखाली जगणाऱ्या बायका तक्रार द्यायला का कचरतात, ते मी त्या दिवशी गृह शाखेच्या बाकावर बसून पहिल्यांदा आतून समजून घेतलं. लिहून दिलं की भीती खरी होते. दुसऱ्या दिवशी माझं घर ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे गेले, समोरच्या खुर्चीवर बसले आणि तक्रार दिली. ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद घेतली, मला प्रत दिली. तीच प्रत पुढे माझ्या अर्जाचा सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरली.

अर्ज नमुना ए-1 मध्ये असतो. फोटो, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, हत्यार कुठे आणि कसं ठेवणार याची हमी, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र. नोकरीत असल्यामुळे अर्ज पोलीस अधीक्षकांच्या मार्फत पाठवला आणि ना हरकत मागितली. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे मौल्यवान वस्तूच्या खरेदीची माहितीही खात्याला द्यावी लागते, ती लेखी दिली. साहेबांनी ना हरकत देताना एकच गोष्ट बजावली. खाजगी हत्यार ड्युटीवर आणायचं नाही. ड्युटीवर खात्याचं, घरी घरचं. दोन्हींची गोळी एकमेकांत मिसळली तर उद्या कुठल्याही चौकशीत उत्तर देता येणार नाही.

मग आमच्याच खात्याची चौकशी माझ्या दारात आली. कायद्याच्या कलम 13 प्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडून अहवाल मागवायचा असतो. त्यासाठी आलेला पोरगा फार तर अठ्ठावीस वर्षांचा पोलीस शिपाई होता. ओसरीवर उभा राहून त्याने आधी कडक सॅल्यूट ठोकला, मग फाईल काखेत धरून तसाच उभा राहिला.

“बस,” मी म्हटलं. “आणि वर्दी विसर. मी अर्जदार आहे.”

“मॅडम, काही प्रश्न विचारावे लागतात. राग मानू नका.”

“सगळे विचार. एकही रकाना तसाच सोडू नकोस.”

त्याने खरोखर विचारले. माझ्यावर गुन्हा आहे का, खातेनिहाय चौकशी चालू आहे का, घरात लहान मुलं येतात-जातात का, दारू कोण पितं. मग तो मिस्टरांकडे वळला. “सर, मॅडमचा राग कसा आहे? घरात वाद होतात का?” मिस्टर बराच वेळ गप्प राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते आणि माझ्या छातीत धडधडत होतं. ते म्हणाले, “राग आहे. पण रागात त्या हात उचलत नाहीत, बोलायच्या थांबतात. दोन-दोन दिवस.” पोराने ते शब्द तसेच्या तसे लिहून घेतले. लग्नाला 22 वर्षं झाली होती आणि माझ्याबद्दलचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही सरकारी जबाबात.

सासूबाईंना त्याने काही विचारलं नव्हतं, तरी त्या बोलल्या. “हिचे सासरे होते तोवर घरात बारा बोअरची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ते गेले, त्याच्या दहाव्या दिवशी मी ती चावडीवर नेऊन द्यायला लावली. तेव्हा ही म्हणाली नव्हती, घरात बंदूक हवी म्हणून. आता म्हणतेय तर कारण असेल. पण लिही बाबा, म्हातारी नको म्हणते.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही.

शेजारच्या मळ्यातल्या दोघांचे जबाब घेऊन तो गेला. गेटपर्यंत पोहोचवायला गेले, तर हळूच म्हणाला, “मॅडम, आजवर मी पडताळणीला जातो तेव्हा चहा घेऊन सही करून येतो. आज पहिल्यांदा सगळं विचारलं.” मी त्याला रागावले नाही. पण त्या एका वाक्यामुळे मला रात्री झोप लागली नाही, कारण अशा कितीतरी अहवालांवर ‘हरकत नाही’ असा शेरा मारून मी स्वतः सही केली होती.

झोपेवरूनच पुढचं सगळं अडलं. आरोग्य प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात गेले. डोळे, कान, हाताचा कंप हे पाच मिनिटांत झालं. मग मानसोपचार विभागातल्या डॉक्टर बाई. त्यांनी शांतपणे विचारलं, “झोप कशी आहे?” माझ्या तोंडून “चांगली आहे” निघून गेलं, सवयीने, जसं साहेबांपुढे निघतं. आणि मग मला माझा बॅचमेट आठवला. नाशिकला अकादमीत आम्ही एकाच तुकडीत होतो. गोळीबार सरावात त्याचा हात आमच्या सगळ्यांत स्थिर. त्याने एका सकाळी नेहमीसारखी कोतात सही करून पिस्तूल घेतलं आणि दुपारी तो नव्हता. आम्ही नंतर ते रजिस्टर बघितलं होतं. सही वळणदार, स्वच्छ, रोजच्यासारखीच.

मी डॉक्टरांना म्हटलं, “बाई, मी खोटं बोलले. चार महिने झाले, तीन तासांच्या वर सलग झोपलेली नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग जवळजवळ तासभर आम्ही बोललो. त्या फोनबद्दल, त्या गुन्ह्याबद्दल, बॅचमेटबद्दलसुद्धा. शेवटी म्हणाल्या, “आज प्रमाणपत्र देत नाही. औषध देते, रजा घ्या, सहा आठवड्यांनी परत या.” मला त्यांचा राग आला नाही. बाहेर पडून गाडीत बसले आणि खूप वेळ रडले. सहा आठवड्यांनी परत गेले, तेव्हा झोप सहा तासांवर आली होती, आणि त्यांनी सही केली.

इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. खाजगी हत्यार घ्यायला निघालेल्या माणसाला कायदा विचारतो, तुझं मन ठिकाणावर आहे का. रोज सकाळी कोतातून पिस्तूल घेणाऱ्या शिपायाला, फौजदाराला मात्र माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न कोणी विचारलेला मी पाहिला नाही. सरावाच्या वेळी टार्गेटवरची भोकं मोजली जातात. रात्रपाळ्या किती झाल्या, घरी काय चाललंय, झोप लागते का, हे वर्षातून एकदा तरी एका डॉक्टरने विचारावं. माझ्या बॅचमेटला कोणी विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी दुसऱ्या प्रयत्नाला सांगितलं.

सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण मी रायफल क्लबात जाऊन रीतसर पूर्ण केलं. शिकवणारे निवृत्त सुभेदार होते. खात्यात आम्हाला पिस्तुलाची सवय, त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात दिलं आणि पहिल्या दिवशी एकही गोळी झाडू दिली नाही. उघडायचं, सहा घरं बघायची, बोट घालून चाचपायची, बंद करायचं. शंभर वेळा. “ठाण्यात तुमच्या मागे कोत हवालदार असतो, गार्ड असतो,” ते म्हणाले. “घरी दुसरी तपासणी करणारं कोणी नाही. तुम्हीच दोन माणसं व्हायचं.”

नियमात पोलीस अहवालासाठी 30 दिवसांची आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी 60 दिवसांची मुदत आहे. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घ्यायची मुभाही कायदा देतो. माझी फाईल एका कार्यालयात पाच महिने पडून होती, एक झेरॉक्स पुसट आहे म्हणून. एक फोन केला असता तर टेबलावरून हलली असती. फोन केला नाही, तीन स्मरणपत्रं दिली आणि प्रत्येकाची पोच घेतली. यामागे अभिमान नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला मी चोपडा भागात होते. सातपुड्यातल्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे आम्ही एसटीच्या बाकांखालून, केळीच्या ट्रकमधून काढायचो आणि शस्त्र अधिनियमाचं कलम 3/25 लावायचो. तेव्हा वाटायचं, बेकायदा हत्यार म्हणजे कट्टा. नंतर कळलं, रीतसर शिक्का असलेला परवानाही बेकायदा वाटेने येऊ शकतो. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात तिथे न राहणाऱ्या हजारो लोकांना परवाने दिल्याच्या प्रकरणाचा तपास सीबीआयला करावा लागला. ओळखीवर हललेली फाईल आणि पैशावर हललेली फाईल यांत मला फार अंतर दिसत नाही.

2023 च्या पावसाळ्यात परवाना आला. राष्ट्रीय डेटाबेसमधला माझा युनिक क्रमांक, पाच वर्षांची मुदत. आधी मुदत तीन वर्षांची असायची, 2019 च्या दुरुस्तीने ती पाच झाली आणि एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली. मला एकच हवं होतं.

कोणतं, हा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. माझा हात बसलाय 9 एम.एम. पिस्तुलावर. पण 9 एम.एम. हा प्रतिबंधित बोअर, त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येतो, जिल्ह्यातून नाही. म्हणजे ज्या हत्यारावर सरकारने मला 24 वर्षं सराव करायला लावला, तेच मी नागरिक म्हणून विकत घेऊ शकत नाही. मैत्रिणी याला अन्याय म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. पोलिसांच्या गोळीची आणि लोकांच्या गोळीची जात वेगळी असली तर घटनास्थळी पडलेली एक पुंगळी तपास अधिकाऱ्याला बरंच काही सांगते. ना-प्रतिबंधित बोअरमध्ये माझ्यासाठी उरलं .32. विक्रेत्याने आधी कानपूरचं ‘निर्भीक’ काढलं, 2014 साली खास महिलांसाठी म्हणून आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं. पण हलकं हत्यार गोळी सुटताना हाताला जास्त झटका देतं, आणि बाईला हलकंच हवं असं कोणी ठरवलं, हा प्रश्नही मनात होताच. मी नेहमीचं पोलादी .32 रिव्हॉल्व्हर घेतलं, नळी खाली झुकवली की सहाही पुंगळ्या एकदम वर उचलणारं. किंमत आणि कर मिळून एका पगाराहून जास्त पैसे गेले. विक्रेत्याने हत्याराचा नंबर परवान्यावर चढवला, काडतुसांची नोंद केली, शिक्का मारला. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं होती, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. पुण्यात मुलाखतीला गेले होते तेव्हा त्या कारखान्याच्या भिंतीवरून कितीदा गेले असेन.

घरी आल्यावर भिंतीत बसवलेली दोन वेगळी लॉकरं. एकात रिव्हॉल्व्हर, दुसऱ्यात काडतुसं. किल्ल्या माझ्याकडे. मिस्टरांना मी उघडून, रिकामं करून दाखवलं, कारण घरातल्या दुसऱ्या माणसाला निदान ते रिकामं आहे की भरलेलं एवढं तरी ओळखता आलं पाहिजे. सासूबाई त्या खोलीत यायच्या बंद झाल्या.

ठाण्यात दसऱ्याला कोतातली हत्यारं मांडून पूजा होते. त्या वर्षी ती उरकून घरी आले, तर ओसरीवर नेहमीचं मांडलं होतं. विळे, खुरपी, कोयता, नांगराचा फाळ, मिस्टरांची पुस्तकं. पाटावर उजव्या बाजूला मोकळी जागा. सासूबाई म्हणाल्या, “आण ते. घरात आहे तर पूजेला पाहिजे.” मी रिकामं करून, दोनदा तपासून पाटावर ठेवलं. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, आणि बाजूला बघत म्हणाल्या, “वापरायची वेळ आणू नको रे बाबा.” रात्री मी पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि चिंधी घेऊन बसले. कुंकवाचा एक कण पकडीच्या खाचेत अडकला होता. तो काढायला बराच वेळ लागला.

पुढच्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं जमा करून घेतात. माझ्या नावाचा विचार वेगळा होईल असं ऑफिसमधून कोणीतरी सुचवलं. मी कोणाला विचारलं नाही. सकाळी ड्युटीला निघण्याआधी, साध्या साडीवर, आमच्या हद्दीच्या ठाण्यात गेले. टेबलावर तोच पोरगा होता, पडताळणीला आलेला. आता तो पोलीस हवालदार झाला होता. या वेळी त्याने सॅल्यूट केला नाही. उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, “परवाना दाखवा, मॅडम.”

त्याने नंबर ताडून बघितला, नळी खाली झुकवली, सहा घरांमध्ये एकेक करून बोट घातलं, काडतुसं दोनदा मोजली. पावती लिहून तिच्यावर माझी सही घेतली. रिव्हॉल्व्हर घेतल्यापासून पहिल्यांदाच आमच्या घरात माझं हत्यार असणार नव्हतं आणि खात्याचं तर रोज संध्याकाळी कोतात जमा होतच होतं. त्या रात्री मी मिस्टरांना विचारलं, “भीती वाटते का?” ते म्हणाले, “तुम्हाला वाटते का, ते सांगा. दोन दिवस गप्प बसू नका.” मग आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो.

जूनमध्ये निकाल लागल्यावर आठवड्याभराने ठाण्यातून निरोप आला. मी गेले, पावती दिली, नंबर ताडून बघितला, घरं उघडून रिकामी आहेत याची खात्री केली आणि रजिस्टरमध्ये अर्जदाराच्या रकान्यात सही केली.